ही गाडी पोचते

आमच्या दारात मरून रंगाची एक इटालियन गाडी उभी आहे. तिच्यावर खाकी ताडपत्री आहे, ताडपत्रीवर शेवग्याचा पाला पडतो आणि आठवड्यातून एकदा तो मी झाडते. येणारे-जाणारे विचारतात, वहिनी, विकून का टाकत नाही? मी म्हणते, सरांना विचारा. सरांना कुणी विचारत नाही. गेल्या मे महिन्यापासून सर लोकांशी कामापुरतंच बोलतात, आणि माझ्याशी त्याहून कमी.

सर म्हणजे माझे यजमान, गुरुसिद्धप्पा. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. हे एका तंत्रनिकेतनात चोवीस वर्षं मेकॅनिकल शिकवतात. ह्यांच्या वर्गात एक इंजिन आहे, मधोमध कापलेलं, आतले भाग लाल-निळे रंगवलेले. ते इंजिन कधी सुरू होत नाही, त्यामुळे कधी बंदही पडत नाही. असल्या इंजिनाशेजारी ज्याचा जन्म गेला त्यानं जुनी गाडी घ्यायला नको होती, असं आपलं माझं मत. ते त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

गाडी घ्यायची ठरली ती अव्वांसाठी. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, चन्नम्मा. मंद्रूपच्या पुढे भीमेच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथं त्या माझ्या धाकट्या दिराकडे, नंदीशभावजींकडे राहायच्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आणि अव्वा आमच्याकडे आल्या. रिक्षाचे धक्के त्यांना सोसवेनात. परत येताना त्यांचा चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा व्हायचा. तेव्हा मी म्हटलं, घ्या एखादी साधी गाडी, सगळे घेतात तसली, पांढरी. हे हसले. सगळे घेतात ती डबडी आहेत म्हणाले, दार लावलं तर ताटलीवर चमचा मारल्यासारखा आवाज येतो.

ह्यांच्या मनात वेगळीच गाडी बसली होती. ज्या कंपनीची ती, त्या कंपनीनं कधीच आपल्याकडचा गाशा गुंडाळला होता. शोरूम बंद, सर्व्हिस बंद, जे मालक राहिले ते एकमेकांना फोन करून रडणारे. ह्यांचं म्हणणं असं, की ह्याच कंपनीचं डिझेल इंजिन घालून बाकीच्यांनी अख्ख्या देशात गाड्या विकल्या. त्या गाड्यांना लोक डोक्यावर घेतात आणि जिनं इंजिन दिलं तिला नावं ठेवतात. हे बोलताना ह्यांचा आवाज चढायचा. एखाद्या हुशार पोराला परीक्षकानं मुद्दाम नापास केलं असावं तसं ह्यांना त्या गाडीबद्दल वाटायचं.

टेंभुर्णीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ती गाडी सापडली. आम्ही दोघं एस.टी.नं आणायला गेलो. त्या माणसानं आम्हाला चहा पाजला, पोहे खायला घातले, बायकोकरवी माझ्या ओटीत खण घातला. एवढा मान मला माहेरी मिळत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आम्ही निघालो तेव्हा त्याची बायको दारात उभी होती आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आत गेली नाही. गाडी परत येते की काय, ते बघत असणार.

खोटं कशाला बोलू, गाडी बसायला छान होती. दार लागलं की बाहेरचं सगळं बाहेर राहायचं. खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलत नव्हतं. अव्वा पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर बसल्या, समोरच्या काळ्या पृष्ठभागावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, ही माझी तिसरी सून, परदेशातली. पुढं पुढं एखाद्या सकाळी गाडी सुरू होईना की त्या मागं वळून मला म्हणायच्या, आज हिनं रुसायचं का तू, ते आधी ठरवून घ्या. दोघी एकदम रुसू नका.

आणि गाडी रुसायची. काचा वर जायच्या त्या खाली येईनात. एकदा सात रस्त्याच्या चौकात हॉर्न आपोआप वाजायला लागला तो बॅटरीची तार काढेपर्यंत थांबला नाही. ह्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात कोट्टायमपासून इंदूरपर्यंतचे ह्याच गाडीचे मालक. कुणाची गाडी भंगारात निघाली की आधी सगळे हळहळायचे आणि लगेच यादी सुरू व्हायची, आरसा मला, कॉम्प्रेसर मला. होटगी रस्त्यावर दस्तगीर मिस्त्री म्हणून एक म्हातारे गृहस्थ आहेत. सोलापुरात ह्या गाडीला हात लावणारे तेवढेच. त्यांनी पहिल्याच भेटीत निदान सांगितलं होतं.

"साब, गाडी खराब नै. इसका पुरजा नै मिलता, इत्ताच. आदमी अच्छा है, रिश्तेदारां मर गये."

आमच्या समोर ईश्वरप्पा राहतात. आमच्यातलेच, कापडाचे व्यापारी, दर तीन वर्षांनी नवी गाडी घेणारे. माणूस वाईट नाही, पण जीभ आवरत नाही. हे कुठूनही गाडी घेऊन आले की ईश्वरप्पा गच्चीतून विचारायचे, पोचली का सर? गल्लीतली सगळी मग तेच विचारायला लागली. दूधवाल्यापासून दवाखान्यातल्या सिस्टरपर्यंत. हे वरवर हसायचे आणि घरात येऊन चप्पल जोरात काढायचे. चौदा महिने हे चाललं. ह्या माणसाला त्या तीन शब्दांनी आतून कुरतडलं होतं, आणि ते मला दिसत असूनही मी कधीकधी तेच विचारायची. बायकोनं तरी विचारायला नको होतं.

एप्रिलच्या शेवटी गाडीचं पाणी गळायला लागलं. इंजिनाच्या बाजूला पाणी खेळवणारा एक प्लास्टिकचा भाग असतो, त्याला चीर गेली होती. तो भाग कोइमतूरहून यायचा होता. दस्तगीरभाईंनी तात्पुरता डिंकासारखा काहीतरी मसाला भरून दिला आणि ह्यांना बजावलं, गावातल्या गावात फिरवा, लांब नेऊ नका.

आणि मे महिन्यात अव्वा म्हणाल्या, पुरे.

त्या सकाळी डायलिसिसला जायचं होतं. मी त्यांची वेणी घालत होते. त्या म्हणाल्या, आता त्या यंत्राला मला बांधू नका, मला गावी न्या. डॉक्टरांनी समजावलं, ह्यांनी समजावलं, मीही दोन शब्द बोलले. त्यांचं एकच. शेवटी त्यांनी गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर ह्यांचा हात ठेवून घेतला.

"दवाखान्यात न्हाय, तुझ्या ह्या घरात न्हाय. माझ्या उंबऱ्याच्या आत जीव जाऊ दे. जित्ती ने मला."

"नेतो, अव्वा," हे म्हणाले. "जिवंत नेतो."

डॉक्टर म्हणाले, चार दिवस आहेत, कदाचित दोन. अॅम्ब्युलन्सचं नाव काढल्यावर अव्वांनी मान फिरवली. आडवी नेऊ नका म्हणाल्या, मी बसून जाईन. निघायच्या सकाळी ईश्वरप्पा स्वतः आमच्या दारात आले. त्यांच्या हातात त्यांच्या नव्या गाडीची किल्ली होती. ड्रायव्हरही देतो म्हणाले, सीट मागं पाडता येते, अव्वांना बरं पडेल. हे म्हणाले, आमची आहे की. तेव्हा ईश्वरप्पांनी हळू आवाजात विचारलं, "पोचेल का, सर?"

त्या दिवशी त्यांनी चेष्टेनं विचारलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मी त्यांचं तोंड बघितलं. पण ह्यांनी फक्त शब्द ऐकले. किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, घ्या ना हो त्यांची, आजच्या दिवस. हे मला म्हणाले, पाण्याचे दोन कॅन भरून डिकीत ठेव.

साडेसातला आम्ही निघालो. पुढच्या सीटवर अव्वा, त्यांच्या मागं मी. गाव चाळीस किलोमीटर. विजापूर रस्त्याला लागलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं आणि अव्वा शुद्धीवर होत्या. कुणाच्या शेतात काय होतं ते त्या बोटानं दाखवत होत्या. शहर मागं पडून थोडं अंतर गेल्यावर समोरचा काटा वर सरकायला लागला. ह्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, वाफ आली. इंजिन गार होईपर्यंत पाऊण तास गेला. मी पदरानं अव्वांना वारा घातला, चमच्यानं पाणी पाजलं. ईश्वरप्पांना फोन करू का, असं मी दोनदा विचारलं. दहा मिनिटं थांब, असं ह्यांनी दोनदा सांगितलं.

दुसऱ्यांदा गाडी थांबली ती मंद्रूपच्या अलीकडे, एका लिंबाखाली. ह्या वेळी वाफ नव्हती, सगळं पाणीच खाली रस्त्यावर आलं होतं. ह्यांनी दस्तगीरभाईंना फोन लावला. ते म्हणाले, तिथंच थांबा, दुसऱ्या गाडीचं काहीतरी जुळवून आणतो. नऊ वाजले होते. हे बाही वर करून बॉनेटमध्ये वाकले. उघड्या बॉनेटमुळे ह्यांना आम्ही दिसत नव्हतो आणि आम्हाला हे.

अव्वांचा श्वास तोवर लांब लांब झाला होता. एक आला की पुढचा येईपर्यंत मी माझाही धरून ठेवत होते. मी दार उघडून त्यांच्याजवळ उकिडवी बसले. त्यांनी डोळे उघडले पण मला बघितलं नाही. त्यांनी कानडीत विचारलं, "मनी बंतेन?"

घर आलं का. रस्त्याच्या पलीकडे नुसतं काळं रान होतं आणि एक मोडकी बैलगाडी. मी काय सांगायला हवं होतं? अजून अर्धी वाट आहे, धीर धरा असं सांगितलं असतं तर त्यांनी धरलाही असता कदाचित. चिवट बाई होती. हे मी रोज एकदा तरी मनात आणते. त्या वेळी मी म्हटलं, "बंतु अव्वा. दारात आहोत."

त्यांनी हुं केलं. माझ्या हातातली त्यांची बोटं सैल झाली. पुढच्या श्वासाची मी वाट बघितली, मग आणखी थोडी बघितली. मला रडू आलं नाही. मला फक्त एवढंच सुचलं, की आता पुढून हे येतील आणि विचारतील.

हे आले, हात काळे झालेले. झोपली का, असं विचारलं. मी हो म्हटलं. ऊन तोंडावर येतंय म्हणून मी अव्वांचा पदर पार नाकापर्यंत खाली ओढला. सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. पण त्या माणसाच्या कपाळावर ग्रीस होतं, ओठ सुकले होते आणि डोळ्यांत नुसती भीती होती. म्हटलं, गाडी सुरू होऊ दे, मग सांगू.

सव्वादहाला दस्तगीरभाई स्कूटरवरून आले. आधी अव्वांना सलाम करायला खिडकीशी वाकले. दवाखान्याच्या वाटेवर दर वेळी करायचे तसा. वाकले ते थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते पुढं गेले आणि दीड तास त्यांनी एकही शब्द न काढता काम केलं. निघताना ह्यांना एवढंच म्हणाले, "अब सीधा घर लेके जाव साब. कहीं रुको नक्को."

गाडी सुरू झाली. काटा मधोमध राहिला. मी मागून हात घालून अव्वांची मान धरून ठेवली होती, कलंडू नये म्हणून. सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात हेच बोलायला लागले.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ह्या माणसाला मी कधी मनातलं बोलताना ऐकलं नव्हतं. रस्त्यावरची नजर न काढता हे बोलत होते, लहान पोरासारखं.

"अव्वा, ऐकतीस का? ईश्वरप्पा चांगल्या मनानं गाडी देत होता. मी घेतली न्हाय. तुला ही आवडते म्हणून न्हाय. मला त्याला दाखवायचं होतं, ही गाडी पोचते म्हणून. तुझा जीव टांगणीला लावला मी एवढ्यासाठी. लई चुकलो अव्वा. माफ कर मला."

मी अव्वांची मान आणखी घट्ट धरली.

"बोलू नको," हे म्हणाले. "दम लागेल तुला. नुसती मान हलीव."

आणि ह्यांनी एका क्षणासाठी डावीकडे बघितलं.

माझा हात तिथंच होता. मी अव्वांची मान हलवली. अगदी थोडी, म्हाताऱ्या माणसाला जमेल तेवढीच. मंद्रूपचा पहिला गतिरोधक लागला होता त्याच वेळी. ह्यांनी मनगटानं डोळे पुसले आणि म्हणाले, बरं. मग घर येईपर्यंत गाडी इतकी सांभाळून चालवली, की जणू काचेचं सामान भरलं होतं.

पाऊण वाजायच्या आधीच आम्ही दारात पोचलो. हे पळत फाटक उघडायला गेले, नंदीशभावजींना हाक मारली. परत येईपर्यंत ह्यांना सांगायचं माझं तिसरं खोटं तयार होतं. मी म्हटलं, गेल्या. तुम्ही फाटकाकडे गेलात तेवढ्यात. दार बघितलं त्यांनी आणि गेल्या.

हे दार धरून उभे राहिले आणि रडले. ते रडणं सुटल्याचं होतं. दोघा भावांनी अव्वांना बसल्या बसल्याच उचललं आणि उंबऱ्याच्या आत नेऊन लाकडी खुर्चीत ठेवलं. अंगण भरलं. जो तो येऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. शब्द पाळलास, जित्ती आणलीस आईला. हे गाडीजवळ उभं राहून सांगत होते, वाटेत दोनदा अडलो, पण पोचलो. मग बाजूला जाऊन ह्यांनी ईश्वरप्पांना फोन केला. मला ऐकू आलं. अव्वा गेली, हे म्हणाले, पण पोचली, गाडीनं पोचवली. हे ऐकल्यावर खरं सांगायची माझी उरलीसुरली हिंमत गेली. आणि मनातून मला बरंही वाटलं, हेही सांगते. अव्वा दारात आहोत असं समजून गेल्या, ह्यांना माफी मिळाली, कुणाचं काय बिघडलं? मला वाटलं, मी दोघांनाही पोचवलं.

बायकांनी अव्वांना आंघोळ घालायला घेतली. माझी जाऊ प्रियदर्शनी त्यांचा हात सरळ करायला गेली आणि थांबली. म्हणाली, अक्का, कोपर वळंना की. मी म्हटलं, आजारानं कडक झालेत सांधे. तिनं मान डोलावली आणि पाणी ओतत राहिली.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून, ध्यानाला बसल्यासारखं, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. म्हणून माणूस गेलं की लगेच, अंग मऊ आहे तोवर, मांडी घालून घ्यायची. हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मीच वेळ झाला म्हणून ओरडले होते. पण त्या दिवशी गाडीत एकामागून एक तीन वेळा खोटं बोलताना हे मला एकदाही आठवलं नाही. जाळणाऱ्यांच्या घरात माझं खोटं कायमचं निभावून गेलं असतं.

मडिवाळय्या आले. ते आमचे जंगम, विधी करणारे, आम्ही त्यांना अय्या म्हणतो, सत्तरीच्या पुढचे, तालुक्यात शेकडो माणसांना त्यांनी बसवलेलं. त्यांनी अव्वांच्या कपाळाला विभूती लावली. भिंतीला पाट उभा केला, पाठीमागून आधाराला नंदीशभावजींना बसवलं, गुडघ्यांशी ह्यांना. मी दिवा धरून उभी होते. अय्यांनी उजवा पाय हातात घेतला, हळूच वळवायला बघितला. पाय वळला नाही. त्यांनी घोटा चाचपला, मग मान, मग जबडा. बाहेरच्या लोकांना त्यांनी हातानं बाहेरच थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"कितीला गेल्या म्हणालात?"

"पाऊण वाजता," हे म्हणाले. "दारात."

अय्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दीड वाजत होता.

"न्हाय सर," ते म्हणाले. आवाजात दोष नव्हता, म्हाताऱ्याला फक्त काम करायचं होतं. "ह्या दारात गेल्या न्हाईत. चार तास तरी झाल्यात. ऊन पाण्यानं शेकायला लागंल, मग जोर लावून वळवायला लागंल. म्हणून विचारलं."

नंदीशभावजींनी ह्यांच्याकडे बघितलं. हे अव्वांच्या पायांकडे बघत होते. चोवीस वर्षं पोरांना आकडेमोड शिकवलेला माणूस, त्याला चार तास मागं मोजायला किती वेळ लागणार? मी ह्यांच्या चेहऱ्यावर ते मोजणं बघत होते. दारातून मंद्रूपला, मंद्रूपवरून लिंबाखाली. मग हे वळले.

"राजेश्वरी." ह्यांनी मला नावानं हाक मारली. एरवी मारत नाहीत. "लिंबाखाली?"

मी हो म्हटलं. मी म्हटलं, त्यांनी घर आलं का विचारलं, मी आलं म्हणून सांगितलं, त्यांना काही त्रास झाला नाही. मला वाटलं, हे ऐकून ह्यांना थोडं बरं वाटेल. ह्यांनी ते ऐकलंच नाही.

"मंद्रूपला मान हलली होती तिची."

जावेनं दिवा माझ्याकडून घेतला. मी म्हणू शकले असते, गतिरोधकावर हलली असेल. ते चौथं खोटं मला जमलं असतं, आणि ह्यांना ते थोडंफार चाललंही असतं. पण अव्वा समोर बसल्या होत्या, विभूती लावून, आणि त्यांचा पाय वळत नव्हता.

"मी हलवली," मी म्हटलं. "तुम्ही माफी मागितलीत म्हणून."

हे रागावले नाहीत. रागावले असते तर मी सोसलं असतं.

"तुझ्याकडं मागितली नव्हती," हे म्हणाले.

मग ह्यांनी अव्वांच्या उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि अय्यांना विचारलं, जोर कुठून लावायचा ते.